फरशीतली बाई

धोंडाबाईंच्या मते चांगल्या फरशीची परीक्षा एकच: तिच्यात ट्यूबलाइट दिसली पाहिजे. नुसता उजेड नव्हे, पुरती ट्यूब, दोन्ही टोकांच्या काळ्या पट्ट्यांसकट. कार्ल्याच्या डोंगराखाली, भातखाचरांच्या कडेला असलेल्या त्यांच्या घरात ती दिसत असे. पाहुणा आला की त्या आधी त्याला फरशीतली ट्यूब दाखवत आणि मग पाणी देत. पाणी सांडू नये म्हणून ते दारातच देत.

ही क्रीम रंगाची, आरशासारखी फरशी त्यांनी स्वतःच्या कमाईतून बसवली होती. कमाई लोणावळ्याजवळच्या वलवणच्या एका बंगल्यातली. मालक मुंबईला राहत, बंगला वलवणला राहत असे, आणि बंगल्याला दिवसभर सोबत करण्याचं काम धोंडाबाईंकडे होतं. सोबत म्हणजे झाडणं, पुसणं, आणि मालकीणबाईंचा फोन आला की झाडलं-पुसलं असल्याचं सांगणं.

त्या बंगल्यात धोंडाबाईंचं घरसजावटीचं शिक्षण झालं. त्या कामाला लागल्या तेव्हा तिथे संगमरवर होता. त्याच्यात झुंबर दिसे, पुसताना स्वतःचं तोंडही दिसे, म्हणून त्या त्याला मान देत. पुढे संगमरवर जुना वाटू लागला आणि त्यावर लाकडासारखी दिसणारी फरशी आली. मग भिंतींवर विटांचं चित्र असलेला कागद आला. लोणावळ्याच्या ओलीत त्या विटांना आधी पोपडे आले, मग बुरशी, आणि तेव्हा कुठे त्या खऱ्यासारख्या दिसू लागल्या. पण नेमकं तेव्हाच मालकीणबाईंनी तो कागद काढला. त्याच्या जागी उभ्या खोबणींच्या लाकडी पट्ट्या लागल्या. या पट्ट्यांचा शोध कुणी धूळ साठवण्यासाठी लावला असावा, असं धोंडाबाईंचं मत होतं. शेवटी हॉलला मायक्रोसिमेंट झालं. गिलावा केला आणि रंग द्यायचा राहून गेला, असं दिसावं म्हणून दुरून कारागीर आणले होते. धोंडाबाईंनी बरेच दिवस रंगाऱ्याची वाट पाहिली आणि मग चौकशी केली, तेव्हा त्यांना कळलं की रंगारी येऊन गेला आहे. वर छताला वेताच्या टोपल्या उलट्या टांगून त्यात दिवे सोडले होते.

"आता म्होरल्या बारीला हॉलात चूल मांडत्यात बघ," त्या घरी येऊन सुनेला, अनिताला म्हणाल्या.

यातून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला होता. श्रीमंत माणूस संगमरवरापर्यंत चढतो आणि मग खाली उतरायला लागतो. आपण खालून वर चढतोय. वाटेत कधीतरी गाठ पडायचीच. ती गाठ आपल्याच पुढच्या खोलीत पडेल, हे मात्र त्यांनी धरलं नव्हतं.

धोंडाबाईंचं माहेर पवनानगरकडचं. त्या घराला पुढे एक दार आणि मागे एक दार. सारवायला पुढच्या दारापासून सुरुवात करायची, उकिडवं बसून हाताने शेणकाल्याच्या कमानी काढत मागे मागे सरकायचं आणि मागच्या दाराने परसात निघायचं. हाताला वळण पडलं ते तिथे. लग्न होऊन कार्ल्याला आल्यावर पहिल्याच दसऱ्याला सासूबाईंनी, म्हणजे येसूबाईंनी, माजघर सारवायला सांगितलं. नवी सून, पायात जोडवी, अंगात उत्साह. दारापासून सुरुवात केली, माहेरच्या सवयीने मागे मागे सरकत गेली, आणि पाठ भिंतीला टेकली तेव्हा तिला आठवलं की या घराला मागे दार नाही.

जमीन ओली, दार लांब. ओल्या सारवणावर पाय टाकत जायचं म्हणजे सगळं पुन्हा करायचं. धोंडाबाई कोपऱ्यातल्या उखळावर बसून राहिल्या. येसूबाईंनी आधी कपाळावर हात मारून घेतला आणि मग आळीतल्या बायकांना बोलावलं. जेवायची वेळ झाली तेव्हा त्यांनी दारातून भाकरी फेकली. भाकरी झेलता आली, चटणी आली नाही. जमीन वाळेपर्यंत निम्मा गाव नवी सून बघून गेला आणि पुढे बरीच वर्षं पाणवठ्यावर त्यांना 'कोपऱ्यातली' म्हणत. धोंडाबाईही हसत. पण त्या कोपऱ्यातून दिसणारं दार त्या कधी विसरल्या नाहीत.

त्यानंतर त्या नीट सारवू लागल्या, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. येसूबाई गेल्या, गुरं विकली गेली, घरधनी गेले, गुडघेही जायच्या बेतात आले, तेव्हा क्रीम रंगाची फरशी आली. बसवून झाली त्या दिवशी धोंडाबाईंनी उंबऱ्यात उभं राहून जाहीर केलं, "ह्या घरात आता कुनी उकिडवं बसायचं न्हाई."

मुलगा कैलास तळेगावच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला होता. कंत्राट संपलं आणि त्याने पुढच्या दोन खोल्यांत होमस्टे सुरू केला. लेणी बघायला माणसं येतात, देवीला येतात, पावसाळ्यात तर धबधब्यांखाली उभं राहायला जागा नसते. त्यातली चार घरी उतरली तरी पुरे, असा हिशोब. पहिली पाहुणे मंडळी मुंबईची होती. त्यांनी दारातून आत पाहिलं. फरशीत ट्यूब झळकत होती. धोंडाबाई कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या.

"अच्छा, टाइल्स," पाहुणीबाई म्हणाल्या. मग आपसात काही बोलणं झालं आणि मंडळी वरच्या अंगाच्या एका मातीच्या घरात उतरायला गेली. ते घर मातीचं होतं कारण त्याच्या मालकाला फरशी बसवणं जमलं नव्हतं. त्याच्याकडे आता महिनामहिना आधी जागा ठरवावी लागे.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. तेव्हा कैलासने पुण्याच्या चैतालीला बोलावलं. ती इंटिरियर डिझायनर होती, त्याच्या मित्राच्या ओळखीतली. चैतालीने न सांगता उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, त्यामुळे धोंडाबाईंचं तिच्याविषयी मत चांगलं झालं. ते चहा येईपर्यंत टिकलं.

"मावशी, घर फार छान आहे. फक्त..."

"फक्त काय?"

"ही फरशी. आपण पुढच्या दोन्ही खोल्यांतली फोडू या. खाली मूळची जमीन असेलच, तीच पुन्हा सारवायची. भिंतींना चुन्या-मातीचा गिलावा, छताला बांबू, अंगणात चूल."

चूल हा शब्द ऐकून धोंडाबाईंनी अनिताकडे पाहिलं. अनिताने ओढणी तोंडाला लावली.

"आन सारवायचं कोनी?" धोंडाबाईंनी विचारलं.

"दर शनिवारी पाहुनं यायच्या आधी एक हात फिरवायचा, आई," कैलास म्हणाला. "लय काय न्हाई त्यात."

"मंग फिरव की. तुला हायत की दोन."

"मला येतं का ते?"

"मलाबी येत न्हवतं. मला शिकवाय निम्मा गाव आलता."

कैलासने अनिताकडे पाहिलं. अनिता दूध उतू जातंय का बघायला उठली. दूध अजून गॅसवर ठेवलेलंच नव्हतं.

"आन शेन?" धोंडाबाई थांबायला तयार नव्हत्या. "गोठ्यात तुझी मोटारसायकल हाय. ती देती का?"

चैताली शांतपणे म्हणाली, "मावशी, लोक इतक्या लांब येतात ते खरं काहीतरी बघायला. खरी माती, खरं लाकूड. खोटं असलं की त्यांना लगेच कळतं."

"कुटलं कळतंय गं बाय! वलवनला त्या लाकडाच्या फरशीला पाहुनं हात लावत्यात आन म्हनत्यात, बर्माचं सागवान दिसतंय. लाकूड न्हाईच ते. माज्या फडक्याला कळतं, मानसाला न्हाई कळत."

चैताली हसली, पण तिचा आग्रह सुटला नाही. तिचंही चुकत नव्हतं. चकचकीत फरशी बघायला कुणी खंडाळ्याचा घाट चढत नाही. ती त्यांच्या घरी असते.

मग कैलासने मनातलं बोलून टाकलं. "आई, ह्या पावसाळ्याला पाहुनं न्हाई आले, तर मला चाकणला खोली करावी लागंल. अनिताला घिऊन. मग तू आन तुजी ट्यूब ऱ्हावा हितं दोघी."

रात्री जेवणाची भांडी घासून झाल्यावर धोंडाबाईंनी पुढच्या खोलीत येऊन फरशीकडे पाहिलं आणि कैलासला सांगितलं, "फरशी फुटायची न्हाई. आन तूबी जायचा न्हाईस." हे दोन्ही कसं जमायचं, ते त्यांनी सांगितलं नाही, कारण ते त्यांनाही अजून माहीत नव्हतं.

बंगल्याला रजा सांगून त्या जीपने कामशेतला गेल्या. नूरमहंमदभाईंचं टाइल्सचं दुकान जुन्या हायवेला लागून आहे. क्रीम रंगाची फरशीही त्यांच्याचकडची, त्यामुळे धोंडाबाई दुकानात हक्काने शिरल्या.

"नूरभाई, सारवल्याली फरशी दावा."

"धुतलेली?"

"सारवल्याली. शेनानं."

नूरमहंमदभाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "मावशी, माझ्याकडं लाकूड आहे. दगड आहे. शाहाबादी आहे, जिनं शाहाबाद बघितलेलं नाही. पण शेण अजून कुणी मागितलं नव्हतं."

"मागत्याल. मुंबईवालं सगळं हिकडंच याय लागल्यात."

नूरमहंमदभाई विचारात पडले. मग गोदामात गेले आणि बऱ्याच वेळाने, डोक्यावर जळमटं घेऊन, एक खोका ओढत आणला. "एका फार्महाउसवाल्यानं मागवलेला माल. बसवायच्या आधीच परत आला. बाईसाहेबांना कळकट वाटला म्हणे."

टाइल मोठी, चौकोनी, हिरवट तपकिरी. तिच्यावर बोटांच्या बारीक रेघांच्या अर्धगोल कमानी होत्या, एकीवर एक चढलेल्या, शेणकाल्याचा हात फिरवल्यावर उमटतात तशा. धोंडाबाई गुडघ्यांना न विचारता खाली बसल्या. त्यांनी पंजा पसरून कमानीवर ठेवला. बसला, पण पुरता नाही. कमान किंचित लहान होती.

"हे कुनीतरी खरंच सारवलंय, नूरभाई. आन त्याचा फोटू काढलाय. बाई बारक्या हाताची हाय."

"कंपनी गुजरातची आहे," नूरमहंमदभाई म्हणाले. ते त्यांच्या परीने उत्तर होतं.

धोंडाबाईंनी पाणी मागितलं. त्यांना प्यायला दिलं, ते त्यांनी टाइलवर ओतलं आणि पदराने पुसलं. डाग नाही, वास नाही, पोपडा नाही. दुधाचा चहा मागवून तोही सांडून पाहिला. मग त्या समाधानाने उठल्या, म्हणजे नूरमहंमदभाईंनी हात दिला आणि त्या उठल्या.

"ट्यूब दिसत न्हाई हिच्यात," त्या म्हणाल्या.

"नाही दिसायची. मॅट आहे."

"चालंल. आतल्या खोलीत हाय ती."

चैतालीला टाइल दाखवली तेव्हा तिने ती हातात घेतली, उजेडात धरली, आणि तिच्या चेहऱ्यावर एखाद्याच्या श्राद्धाला कागदी केळीची पानं मांडलेली बघितल्यासारखे भाव आले.

"मावशी, ही नक्कल आहे. मटेरियल प्रामाणिक असावं लागतं."

"प्रामाणिकपनाला गुडघं नसत्यात, म्हनून तुला सुचतंय."

चैतालीने हार मानली नाही. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की जमीन धोंडाबाईंची आणि भिंती चैतालीच्या. भिंतींना खऱ्या मातीचा गिलावा आणि खरा चुना. "भित्ताडावर कोन चालत न्हाई," म्हणून धोंडाबाईंची हरकत नव्हती. होमस्टेच्या जाहिरातीत 'सारवणासारखी दिसणारी टाइल' असं स्पष्ट लिहायचं, ही चैतालीची अट. जुनी फरशी फोडायची नाही, नवी तिच्यावरच चिकटवायची, ही धोंडाबाईंची. क्रीम रंगाची फरशी खाली शाबूत राहणार होती. न जाणो, श्रीमंत लोक पुन्हा चढायला लागले तर.

भिंती झाल्या. त्या इतक्या चांगल्या झाल्या की खोलीत गारवा आला आणि धोंडाबाईंनी, चैताली ऐकत नाही असं बघून, अनिताला तसं सांगितलं. मग फरशी बसवायला नूरमहंमदभाईंचा पुतण्या नवाज आला. कामात स्वच्छ, सांधा सुतात धरणारा मिस्त्री. धोंडाबाई सकाळी त्याला चहा देऊन वलवणला गेल्या.

दिवस कलायच्या आत त्या परतल्या तेव्हा नवाज दारात बसून हात धूत होता. मोठी खोली बसवून झाली होती. कैलास अंगणातून फोटो काढत होता, चैताली भिंतीच्या कडा बघायला आली होती. धोंडाबाईंनी उंबऱ्यातून आत पाहिलं. फरशी सपाट होती, सांधे सरळ होते. त्या बघत राहिल्या. मग पिशवी खाली ठेवली.

"नवाज, हे उचल."

"काय उचलू, मावशी?"

"फरशी."

नवाजने आधी फरशीकडे आणि मग कैलासकडे पाहिलं. "सांधा हाललाय का कुठं?"

"सांधा झ्याक हाय. पर बाई आत ऱ्हायली."

"कोण बाई?"

"जिनं सारवलंय ती."

नवाजने खोलीत कुणी आहे का ते नीट पाहिलं.

"आई," कैलास म्हणाला, "काय बोलतीयास?"

"डोळं हायत न्हवं? बघ की! बाई बसती, म्होरं कमान काढती आन मागं सरती. कमानीची पोकळी हाय तिकडं बाई. हितं सगळ्या पोकळ्या त्या कोपऱ्याकडं हायत. दारापासनं सुरू केलंय आन सारवत सारवत ती गेली भित्ताडाला. तितं दार हाय का?"

"मावशी, टाइलच्या पाठीवर कंपनीचा बाण असतो," नवाज समजावून सांगू लागला. "सगळे बाण एका दिशेला ठेवले की झालं. मी सगळे भिंतीकडं धरले. एकबी चुकलेला नाही."

"तू बसवाय कुटनं लागलास?"

"त्या कोपऱ्यातनं."

"आन आलास कुटं?"

"दारात. ओल्या मालावर पाय कसा देऊ?"

"तू सोता दारातनं भाईर आलास न्हवं? मंग तिला कशापायी ठिवलीस आत?"

धंद्यात नवाजने बऱ्याच तक्रारी ऐकल्या होत्या, पण ही त्याला कुणी शिकवलेली नव्हती.

"आई, छापलेली फरशी हाय ती!" कैलास वैतागला. "बाई न्हाई, बोट न्हाई, शेन न्हाई. गुजरातला मशीनवर झालीया. पाहुन्यांच्या बापालाबी कळायचं न्हाई."

"मला कळतंय. मी रोज पुसनार हाय ती. रोज त्या कोपऱ्यात तिला बघू व्हय मी?"

कोपऱ्यातल्या उखळाची गोष्ट कैलासने लहानपणी हजारदा ऐकली होती आणि प्रत्येक वेळी तो हसला होता. आईसुद्धा सांगताना हसायची. आत्ता ती हसत नव्हती.

चैताली इतका वेळ उंबऱ्यावर उकिडवी बसून कमानींवरून बोट फिरवत होती. बोट एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, हवेतच पुढे सरकत कोपऱ्याकडे गेलं आणि तिथे थांबलं. मग तिने नवाजकडे वळून विचारलं, "चिकटा किती वेळात धरेल?"

"धरायलाच लागलाय. उद्या तर फोडावीच लागेल."

"मग आत्ताच," चैताली म्हणाली.

"चैतालीताई, तुमीबी?" कैलास म्हणाला.

"मटेरियल खोटं आहे ते आहेच. निदान खोटं तरी नीट असू दे."

धोंडाबाई तोवर स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आल्या होत्या. दारालगतच्या टाइलखाली त्यांनी ते घातलं आणि जोर दिला. टाइल हलली नाही. पुन्हा दिला. उलथनं वाकलं. नवाजने घाईने त्यांच्या हातातून ते काढून घेतलं, कारण आता टाइलला धोका होता आणि उलथन्याचा तर निकाल लागला होता. त्याने आपली थापी घातली, आणि टाइल ओल्या चिखलातून पाय निघावा तसा आवाज करत सुटली.

मग बोलायला वेळ नव्हता. नवाज सोडवत होता, कैलास उचलून अंगणात नेत होता, अनिता पाठीचा चिकटा खरवडत होती, चैताली नवा कालवत होती आणि तिचे कपडे प्रामाणिकपणे खराब होत होते. चार टाइल्स फुटल्या. नवाज पुन्हा आतल्या कोपऱ्यापासून बसवत निघाला, या वेळी बाण दाराकडे. प्रत्येक टाइल टेकवण्याआधी तो धोंडाबाईंकडे बघत असे आणि त्या मान हलवत. अर्ध्या खोलीनंतर त्याने बघणं सोडलं. त्याला आता स्वतःलाच कळायला लागलं होतं, एकदा तर तो पुटपुटला, "ही आली हितपर्यंत."

शेवटची टाइल उंबऱ्याला लागली. तिथे पूर्ण टाइल मावेना, म्हणून नवाजने कापून अर्धी बसवली. त्यामुळे शेवटची कमान उंबऱ्यात अर्धीच राहिली आहे, जणू सारवणारीने तेवढ्यात हात आखडून अंगणात पाय टाकला. चैतालीला हे फार आवडलं आणि ते तिने ठरवून केलं होतं असं ती आता इतर गिऱ्हाइकांना सांगते. धोंडाबाईंची त्याला हरकत नाही.

पावसाळ्याला पाहुणे आले. कैलास चाकणला गेला नाही. जाहिरातीत 'सारवणासारखी दिसणारी टाइल' असं ठरल्याप्रमाणे लिहिलेलं आहे आणि ते कुणी वाचत नाही. पाहुणे उंबऱ्याबाहेर आपण होऊन चपला काढतात, जे संगमरवरावर त्यांनी कधी केलं नसतं. गेल्या खेपेला ठाण्याचे एक गृहस्थ आत आले, डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला आणि बायकोला म्हणाले, "बघ, आजोळचा वास." धोंडाबाईंनी नुकतंच लिंबाच्या वासाच्या फिनेलने पुसलं होतं. त्यांचं आजोळ कुठलं, ते धोंडाबाईंनी विचारलं नाही.

लांब दांड्याचा मॉप घेऊन त्या उभ्यानेच पुसतात, आतल्या कोपऱ्यापासून मागे सरत सरत दाराकडे. बाहेर आल्या की मॉप भिंतीला टेकवतात आणि एकदा आत बघतात.

त्या गृहस्थांच्या बायकोने निघताना वाकून एका कमानीवर पंजा ठेवून पाहिला. तिचा नेमका बसला. "किती सुंदर सारवलंय! मावशी, तुम्ही का?"

"न्हाई बाय. माजा हात मोठा हाय."

"मग कोण? मला भेटायचं होतं त्यांना."

धोंडाबाईंनी उंबऱ्यातल्या अर्ध्या कमानीकडे पाहिलं, मग अंगणाकडे, खाचरांकडे, हायवेला जाणाऱ्या रस्त्याकडे.

"ती गेली भाईर," त्या म्हणाल्या. "काम झाल्यावर कोन बसून ऱ्हातंय आत?"